तळव्याखालचा दाणा

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्येनं पायातल्या चपला काढून दाराआडच्या फळीवर ठेवून दिल्या, आणि त्या घरात जी कुरबुर सुरू झाली ती थेट सव्वीस जानेवारीपर्यंत टिकली.

सून मेघा शाळेत शिकवायला जाते. डबा भरता भरता तिनं बाहेर डोकावलं तर सासूबाई फाटकाबाहेर अनवाणी उभ्या राहून गाडीवरची वांगी निवडताहेत. विसरल्या असतील बिचाऱ्या, असं समजून मेघानं चपला नेऊन पुढ्यात ठेवल्या. कौसल्येनं त्या पायानंच बाजूला सारल्या आणि जुन्या खेळाडूंचा सामना होईपर्यंत चपला बंद, असं भाजीवाल्यादेखत जाहीर करून टाकलं. मेघानं तिला शुगरची आठवण करून दिली. शुगरवाल्या माणसानं अनवाणी चालायचं नसतं हे डॉक्टरांनी दोघींच्या समोर सांगितलं होतं. पण कौसल्येच्या लेखी शुगर हा आजारच नव्हता. चहात साखर कमी आणि सकाळी एक गोळी, तीही आठवली तर, एवढाच तिचा आणि त्या दुखण्याचा संबंध.

"तू पोरगी चांगली आहे, मेघा," ती म्हणाली, "पण तुले पायातलं काही समजत नाही."

मेघा शाळेत निघून गेली, आणि संध्याकाळी येताना पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा एक जोड घेऊन आली. निदान मैदानात तरी हे घाला, असं तिनं सांगितलं. कौसल्येनं बुटांचा डबा हातात घेतला, छान आहेत म्हणाली, आणि न उघडताच चपलांच्या शेजारी फळीवर ठेवून दिला.

आता हे पायांचं वेड काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर कौसल्या उगाच हट्टी म्हातारी वाटेल. हट्टी ती होतीच. पण उगाच नव्हती.

कामठी रोडला लागून असलेल्या त्या वस्तीत एक मैदान आहे. कडेला बोरीची दोन झाडं, एका बाजूला विहार, दुसऱ्या बाजूला शाळेची भिंत. त्या मैदानात रामाजी मास्तरांनी वस्तीतल्या पोरींना आट्यापाट्यांचा खेळ शिकवला. मास्तर कुठल्या शाळेचे मास्तर नव्हते, कापडाच्या गिरणीत होते, पण पहाटे आणि संध्याकाळी मैदानात उभे राहत म्हणून सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची. खेळ सोपा आहे. मातीत आडव्या पाट्या आखायच्या आणि त्यांना मधोमध छेदून जाणारी एक लांब उभी पाटी. आडव्या पाटीवर एकेक गडी उभा राहून वाट अडवतो, समोरच्या संघानं त्याला हूल देऊन पलीकडे जायचं. आणि मधल्या लांब पाटीवर जो या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सगळ्यांची कोंडी करतो तो सूर. कौसल्या सूर होती. पहिल्या पाटीवर तिची मैत्रीण माया. या दोघींच्या मधून निसटलेली पोरगी त्या काळी नागपुरात फारशी कोणी पाहिली नव्हती, असं निदान त्या दोघी तरी सांगतात.

इतर मैदानांत पाट्या चुन्यानं आखत. मास्तर त्या कुदळीनं बोटभर खोल खणून घ्यायचे. पाटीवरच्या गड्याला पाटीबाहेर पाय टाकता येत नाही, आणि खाली बघायलाही उसंत नसते, कारण नजर हलली की समोरचा निसटलाच. म्हणून पाटीची कड तळव्यानं ओळखायची. मास्तरांच्या मैदानात जोडा, चप्पल, मोजा काही चालत नसे. एकदा जिल्ह्याचे कोणी मोठे साहेब बक्षीस द्यायला आले, त्यांनाही मास्तरांनी हात जोडून बूट काढायला लावले होते. साहेबांच्या मोज्याला भोक होतं, ते सगळ्या पोरींनी पाहिलं.

अडचण यायची ती थंडीची. पुण्या-मुंबईच्या लोकांना नागपूर म्हटलं की नुसतं ऊन आठवतं. डिसेंबरातल्या पहाटे या मैदानात अनवाणी उभं राहून दाखवा म्हणावं. माती दगडासारखी होते, वर दव पडतं, आणि कोरड्या हवेनं टाचा अशा उलतात की पाऊल टेकवताना डोळ्यांत पाणी येतं. सामने सुरू व्हायचे संक्रांतीनंतर. म्हणजे ऐन थंडीतच पाय तयार ठेवायचे. मास्तरांचा नेम ठरलेला असे. कोजागिरीचं दूध प्यायलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरींच्या चपला बंद. शाळा, बाजार, लग्नकार्य, सगळीकडे अनवाणी. पहाटे दवात मैदानाच्या फेऱ्या, मग मुरुमाच्या रस्त्यावर. झोपताना जवसाच्या तेलात राळ आणि मेण वितळवून केलेला मलम टाचांना चोळायचा. दगडानं टाच घासायला मनाई. मास्तर म्हणायचे, पाय सायकलच्या टायरसारखा पाहिजे, फरशीसारखा नको. टायर दबतो आणि परत येतो, फरशी एकदा तडकली की तडकली.

कौसल्येच्या आईला, बायजाबाईला, हे अजिबात पटलं नव्हतं. तिचा राग वेगळा होता. तिनं जन्मभर अनवाणी चालून पाहिलं होतं, पारशिवनीकडच्या शेतांच्या धुऱ्यांवर, उन्हात आणि काट्यांत, आणि ते काही कुणाचा नेम म्हणून नव्हे. शहरात येऊन पोटाला चिमटा काढून तिनं पोरीला चपला घेतल्या, आणि ही पोरगी त्या काढून गल्लीभर फिरते. ती तडक मैदानात गेली आणि मास्तरांना म्हणाली, "आम्ही अनवाणी फिरलो ते काय कमी झालं, तं पोरींचेही पाय उघडे करून राहिले?" मास्तर म्हणाले की बाई, तुमच्याजवळ चपला नव्हत्या. हिच्याजवळ आहेत आणि ही काढते. ज्या दिवशी हिला वाटेल त्या दिवशी ही घालेल. बायजाबाईला ते कितपत पटलं कोण जाणे, पण पुढच्या थंडीत मलम करायला राळ तिनंच आणून दिली.

आणि मग ती दाण्याची परीक्षा. हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या सकाळी मास्तर सगळ्यांना ओळीनं उभं करायचे. डोळे मिटायचे, एक पाय उचलायचा. मास्तर खाली वाकून तळव्याखाली एक दाणा ठेवायचे. पाय टेकवायचा आणि सांगायचं, काय आहे. तूर, हरभरा, गहू, लाखोळी. कारण पाय नुसता घट्ट होऊन भागत नाही, त्याला कळलंही पाहिजे. ओळखलं की मास्तर म्हणायचे, "बरोबर." जास्त नाही, कमी नाही. जवसाचा बारीक चपटा दाणा मात्र सगळ्या संघात एकट्या कौसल्येला कळायचा, म्हणून त्यावरून मास्तर कुणाला नापास करत नसत. मायानं जन्मभर प्रयत्न केला, तिला जवस कधीच ओळखता आलं नाही. ती दरवेळी तीळ म्हणायची आणि मार खाल्ल्यासारखं तोंड करायची. मास्तरांची एक खोडही होती. कधीमधी ते कुणाच्या तरी तळव्याखाली काहीच ठेवत नसत. पोरी घाबरून काहीतरी ठोकून द्यायच्या आणि सगळ्या हसायच्या. ती खोडी ते कौसल्येशी दर हंगामात करायचे आणि ती दर हंगामात म्हणायची, "मास्तर, खाली काईच नाही." यावर मास्तर जे हसायचे ते बघायला ती अख्खी थंडी अनवाणी चालली असती.

खेळामुळेच तिला पोस्टात नोकरी लागली. पायांत सँडल आले, मग हिवाळ्यात मोजे. लग्न झालं, नागसेन झाला, नवरा गेला, नागसेनचं लग्न झालं, ती निवृत्त झाली. या सगळ्यात तळवे असे मऊ पडले की अंगणातला खडा टोचला तरी ती हाय हाय करायची. माया लग्न करून कन्हानला गेली. लग्नकार्यात, धम्मचक्र दिनाच्या गर्दीत भेट व्हायची, आणि भेटल्या की दोघी सगळ्यांना सोडून पाट्यांवरच यायच्या.

या वर्षी मास्तरांचा नातू जितेंद्र घरी आला. मैदानात आता सिंथेटिक टाकणार होते. हिरवं, सपाट, पावसातही चिखल होणार नाही असं. पोरांच्या दृष्टीनं चांगलंच होतं, कुणी नाही म्हणायचं कारण नव्हतं. सव्वीस जानेवारीनंतर माती उकरायला सुरुवात होणार. त्याआधी झेंडावंदन झालं की जुन्या खेळाडूंचा एक शेवटचा सामना त्याच मातीत खेळायचा, असं जितेंद्रनं ठरवलं होतं. आजोबा येतील, पाट्या त्यांच्याच पद्धतीनं खणू, आणि परीक्षा घेणार आहेत म्हणे, तो हसत म्हणाला. कौसल्या मात्र हसली नाही. ती माती तिला एकदा पायांखाली पुन्हा पाहिजे होती. मऊ, गार, कडेला भुसभुशीत, जशी होती तशी. त्यानंतर ती कुणालाच मिळणार नव्हती. आणि परीक्षेत नापास झालेल्या गड्याला मास्तर पाटीवर उभं करत नाहीत हे तिला ठाऊक होतं.

तर असं होतं ते. म्हणून चपला फळीवर गेल्या.

पहिले काही दिवस वाईट गेले. ती इतवारीच्या बाजारात जाऊन जवसाचं घाण्याचं तेल आणि राळ घेऊन आली. ज्या दुकानात ती गेली त्या दुकानदारानं तिला लगेच ओळखलं. मागच्या वर्षी त्याच गल्लीत गर्दीत तिची एक चप्पल पायातून निसटली होती आणि ती तशीच पुढे चालत गेली होती, दुकानदारानं हाक मारली तेव्हा तिनं खाली पाहिलं. तेव्हा दोघं पोट धरून हसली होती. या खेपेला तिच्या दोन्ही पायांत काही नाही हे बघून तो पुन्हा हसला.

घरात राळ वितळायला ठेवली की सगळीकडे तिचा वास भरायचा. नागसेन म्हणाला, आजीची आठवण आली. मेघा नाक धरून खिडक्या उघडायची, पण एकदा कौसल्या बसल्या जागी पेंगली तेव्हा भांड्यातला मलम करपू नये म्हणून ढवळत तीच उभी होती. त्या वासात कौसल्येला सगळं आठवायचं. गिरणीचा भोंगा, आईच्या हातची लाखोळीची भाजी, मैदानाच्या कडेला पेटवलेला जाळ आणि त्याच्याभोवती पाय शेकत बसलेल्या पोरी. शेकायचे म्हणजे लांबून. जवळ नेले की मास्तर काठीनं पाय मागे ढकलायचे.

रोज दुपारी मायाचा फोन यायचा. कन्हानला तिनंही चपला काढल्या होत्या, आणि तिची दशा दशा झाली होती. टाचा फुटल्या, अंगठ्याखाली फोड आला, नवरा म्हणतो वेड लागलं. नदीवरच्या गारठ्यात एक फेरी मारली की दिवसभर पाय ठणकतात, असं ती रडक्या आवाजात सांगायची. कौसल्या तिला मलम सांगायची, धीर द्यायची, आणि आतून सुखावायची. कारण तिचे पाय तयार होत होते. नुसते तयार नाही, झपाट्यानं. दिवाळी झाली तसा मुरूम टोचेनासा झाला. डिसेंबरात पारा उतरला, सगळी वस्ती कानटोप्या घालून जाळाभोवती बसली, आणि कौसल्येला सकाळच्या फरशीचा गारवासुद्धा लागत नव्हता.

"मले काईच होऊन नाही राहिलं वं, माया," ती फोनवर म्हणाली. "पाय परत आले माये."

खेळाडूचा पाय जुनी विद्या विसरत नाही, असं तिनं मग मेघालाही ऐकवलं. तिला खरंच तसं वाटत होतं. त्या दिवसांत ती जरा ताठ चालायची.

जानेवारीत एक दिवस ती फेरी मारून आली आणि मेघानं फरशीवर रक्ताचे ठिपके पाहिले. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. कौसल्येनं पाय उलटा करून पाहिला तर बाभळीचा काटा टाचेजवळ आत मोडला होता, चांगला बोटाच्या पेरभर. मेघानं तो चिमट्यानं ओढून काढला. कौसल्येनं तोंडातून आवाजही काढला नाही. उलट ती काटा उजेडात धरून बघत म्हणाली की पूर्वी एवढा काटा गेला असता तर आम्ही पण ओरडलो असतो, या वेळी पाय पहिल्यापेक्षा भारी झाले. मेघानं जखम धुतली, पट्टी बांधली आणि डॉक्टरांकडे चला म्हणाली. सामना झाला की जाऊ, कौसल्येनं सांगितलं. रात्री मेघानं नागसेनला तो काटा दाखवला.

सव्वीस जानेवारीला ऊन लवकर पडलं. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, आणि मैदान जुन्या बायकांनी भरून गेलं. कुणी आजी झालेली, कुणी गुडघ्याला पट्टा बांधलेली, सगळ्यांनी सलवारी घातल्या होत्या आणि सगळ्या एकमेकींच्या पोटाकडे बघून हसत होत्या. पाट्या खणलेल्या होत्या, बोटभर खोल, ताज्या मातीच्या. माया लंगडत आली. तिचे तळवे भेगाळून लाल झाले होते. कौसल्येनं तिला बोरीखाली बसवून तिचे पाय मांडीवर घेतले आणि बघून हळहळली.

रामाजी मास्तरांना जितेंद्र धरून घेऊन आला. ते फार वाळले होते, पण नजर तीच होती. सगळ्यांनी जयभीम केला. त्यांनी एकेकीला नावानं ओळखलं, काहींना त्यांच्या पाटीवरून. खिशातून त्यांनी कापडाची पुरचुंडी काढली तशी सगळ्यांत खसखस पिकली. बायका आपोआप ओळीनं उभ्या राहिल्या, कुणी सांगितलं नाही तरी.

मायानं डोळे मिटून पाय टेकवला आणि कळवळली. "तूर," ती म्हणाली, "आन टोचून राहिली, मास्तर." मास्तर म्हणाले, "बरोबर." बाकीच्यांत काही चुकल्या, काही जमल्या, आणि चुकलेल्यांनाही मास्तरांनी आज सोडून दिलं. वय झालं होतं सगळ्यांचं, त्यांचंही. शेवटी कौसल्या.

तिनं डोळे मिटले. उजवा पाय उचलला. मास्तरांच्या गुडघ्याची करकर ऐकू आली, ते खाली वाकले, सरळ झाले. तिनं पाय टेकवला.

तिनं थोडा भार दिला. मग अजून दिला. तळवा मातीवर आहे एवढं तिला ठाऊक होतं, कारण ती उभी होती. त्यापलीकडे काही येत नव्हतं. तिनं अंगठा दाबला, टाच दाबली. पूर्वी दाणा आधी चवड्याला लागायचा आणि मग त्याचा आकार कळत जायचा, ते तिला नीट आठवत होतं, आणि आता तसलं काही होत नव्हतं. एवढी थंडी काढली, आणि आता नाही म्हणायचं? तिनं मनातल्या मनात दाणे चाळले. जवस असतं तर कळलं नसतं कदाचित, वय झालं. मास्तरांनी मुद्दाम मोठा दाणा ठेवला असेल, तिला सोपं जावं म्हणून.

"हरभरा," कौसल्या म्हणाली.

कुणी हसलं नाही. तिनं डोळे उघडले. मास्तर तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू येता येता थांबलेलं होतं. तिनं खाली पाहिलं. पाय उचलला. पायाखाली नुसती माती होती, तिच्या तळव्याच्या ठशाची.

मास्तर सावकाश खाली बसले. जितेंद्र पुढे झाला त्याला त्यांनी हातानं थांबवलं. त्यांनी तिचा पाय हातात घेतला, पट्टीच्या कडेला अंगठ्यानं दाबलं, मग चवड्यावर, मग बोटांच्या बुडाशी. दरवेळी वर बघून त्यांनी कळतं का विचारलं आणि दरवेळी ती नाही म्हणून मान हलवत राहिली.

"केव्हापासून कळून नाही राहिलं तुले?" त्यांनी विचारलं.

"मले वाटलं पाय तयार झाले, मास्तर."

"तयार पाय बोलते, कौसल्या," मास्तर म्हणाले. "हा बोलूनच नाही राहिला."

तेव्हा तिला सगळं एकदम समजलं. इतवारीतली चप्पल, फरशीचा गारवा, तो काटा. अख्खी थंडी ती ज्याचा दिमाख मिरवत होती ते काय होतं ते. शुगरनं पाय मरतात असं डॉक्टर बोलले होते तेव्हा ती खिडकीबाहेर बघत बसली होती. तिला भरून आलं, लाजही वाटली, आणि सगळ्यांत जास्त वाईट वाटलं ते मातीचं. ती इथवर आली होती, मैदानात उभी होती, आणि माती तिला लागत नव्हती. ती ओळीतून बाहेर पडून बोरीकडे चालायला लागली. नापास गडी पाटीवर उभा राहत नाही.

"जोडे कुठं हायेत तुझे?" मागून मास्तरांनी विचारलं.

मेघा कडेला उभी होती. तिच्या पिशवीत तो बुटांचा डबा होता. काटा निघाला त्या दिवसापासून तो तिथंच होता. तिनं पुढे येऊन तो उघडला.

"मैदानात?" कौसल्येनं विचारलं.

"मैदानात," मास्तर म्हणाले. "नेम मी केला होता, मीच मोडून राहिलो. आपण पाय सांभाळाले अनवाणी फिरत होतो बाई, गमवाले नाही. तुझी माय म्हणे ते बरोबर होतं. घाल."

मेघानं खाली बसून सासूच्या पायात आधी मोजे घातले, मग बूट. नाड्या घट्ट बसल्या तरी सासूला कळणार नाही हे लक्षात येऊन तिनं त्या पुन्हा सोडून सैल बांधल्या. कौसल्येनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्या मातीत जोडा घालून उतरलेला तो पहिला गडी, आणि शेवटचाही तोच.

सामना कसा झाला ते विचारू नका. जो तो धापा टाकत होता. कौसल्या सूरपाटीवर उतरली खरी, पण कड कळेना म्हणून नजर सारखी खाली जायची, आणि नजर खाली गेली की गुडघ्याला पट्टा बांधलेली बाईसुद्धा निसटून जायची. मग मायानं पहिल्या पाटीवरून ओरडायला सुरुवात केली. कौसल्येचा पाय कडेला गेला की "आत", सरळ असला की "पळ". तिच्या स्वतःच्या पाटीवरून कोण येतंय कोण जातंय तिकडे तिचं लक्षच नव्हतं. कौसल्येनं खाली बघणं सोडलं आणि पळाली. एकीला तिनं गाठलंसुद्धा. सामना त्या हरल्या. या मैदानात दोघी एकत्र असताना हरल्या असं पहिल्यांदाच झालं, आणि त्याचं दोघींना काही वाटलं नाही.

दुपारी मैदान रिकामं झालं. मास्तरांना जितेंद्र घेऊन गेला. मेघानं मोबाइलवर डॉक्टरांची दुसऱ्या दिवसाची वेळ घेतली आणि कौसल्येनं या वेळी नाही म्हटलं नाही. मग मेघा गाडी काढायला गेली, तेवढ्या वेळात दोघी मैत्रिणी सूरपाटीच्या कडेला बसल्या. मायाचे उघडे पाय पाटीत होते, शेजारी कौसल्येचे पांढरे बूट. बुटांवर लाल माती बसली होती. पुढच्या आठवड्यात ट्रक येणार होते.

"कशी लागून राहिली वं माती?" कौसल्येनं विचारलं.

मायानं डोळे मिटले आणि तळवे नीट टेकवले, भेगांसकट.

"वरून गरम झाली उन्हानं," ती सांगू लागली. "खाली गार हाये. कडेले भुसभुशीत, दाबली का बसते. अंगठ्यापाशी एक बारका खडा हाये. बोरीकडून थोडी ओल येऊन राहिली."

कौसल्येनंही डोळे मिटले होते. "आणखी?"

मायानं पाय थोडा पुढे सरकवला.

"एक दाणा हाये," ती म्हणाली. "जवसाचा."

मायाला जवस कधीच कळत नसे. ते दोघींना माहीत होतं. कौसल्येनं तिचा हात हातात घेतला आणि मास्तर म्हणायचे तसं, जास्त नाही, कमी नाही, म्हणाली, "बरोबर."